स्टेंटची जाळी, स्टेंटची किंमत आणि खापरखेड्याचा कामगार

हृदयविकार हा गादीवर बसून खाणाऱ्यांचा रोग आहे, ही समजूत एके काळी समाजवादी कार्यकर्त्यांतही होती. ती आता टाकून दिली पाहिजे. सावनेर तालुक्यातील खापरखेडा हे गाव याचे उदाहरण म्हणून समोर ठेवता येईल. येथे २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक असे पाच वीजसंच आहेत. काही किलोमीटरवर कोराडीचे त्याहूनही मोठे केंद्र आहे. आसपास सिल्लेवाड्यासारख्या कोळसा खाणी आहेत आणि या दोन्ही केंद्रांच्या राखेची तळी आहेत. कोळसा जाळल्याने निघणारे अतिसूक्ष्म धूलिकण केवळ फुप्फुसात राहत नाहीत, ते रक्तापर्यंत पोचतात आणि हृदयधमन्यांच्या अस्तराला इजा करतात, हे आता जागतिक आरोग्य संघटनेसह सर्वांनी मान्य केले आहे. त्यात पाळीची झोप, तंबाखू, कंत्राटी नोकरीची धास्ती आणि न तपासलेला रक्तदाब यांची भर पडली, म्हणजे चाळिशी-पन्नाशीतल्या कामगाराच्या छातीत कळ येण्यास वेगळे कारण लागत नाही.

अशी कळ आलेला माणूस वीसेक किलोमीटरवरच्या नागपुरात नेला जातो. नशीब असेल तर मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत, नाहीतर रस्त्यात जे खाजगी रुग्णालय दिसेल तेथे. धमनीत गाठ सापडते आणि ‘स्टेंट घालावा लागेल’ असे सांगितले जाते. यापुढचा संवाद कोणत्याही गावातल्या कार्यकर्त्याला पाठ असतो. साधा घालायचा, चांगला घालायचा की एकदम भारीतला? देशी की इम्पोर्टेड? बाहेर बाकावर बसलेल्या भावाने किंवा मेहुण्याने पंधरा मिनिटांत उत्तर द्यावयाचे असते. ज्या वस्तूविषयी त्याला काहीही ठाऊक नाही, जी त्याने पाहिलेली नाही आणि जी एकदा आत गेली की परत काढता येत नाही, तिची पारख तो फक्त एकाच मापाने करू शकतो, आणि ते माप म्हणजे किंमत. जमीन गहाण टाकून तो भारी स्टेंट मागतो. योजनेतून फुकट मिळालेल्या स्टेंटला तो मनातल्या मनात गरिबाचा स्टेंट म्हणतो.

हा केवळ अज्ञानाचा प्रश्न नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतल्या बाजारात ग्राहक माल पाहतो, तुलना करतो आणि निवडतो. येथे माल निवडणारा एक, वापरणारा दुसरा आणि पैसे मोजणारा बहुधा तिसराच असतो. अशा बाजारात किंमत गुणाची खूण होऊ शकत नाही, ती केवळ विक्रेत्याच्या बळाची खूण असते. तथापि हे वाक्य घोषणा म्हणून म्हणणे सोपे आहे. ते सिद्ध करावयाचे असेल, तर स्टेंटचा गुण नेमका कशात असतो ते आधी समजून घ्यावे लागेल. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हा तांत्रिक भाग डॉक्टरांचा म्हणून सोडून देऊ नये. तो वाटतो तितका अवघड नाही, आणि खापरखेड्याच्या परिसरात तर तो समजणारी माणसे घरोघरी आहेत.

सिल्लेवाड्याच्या भूमिगत खाणीत काम केलेल्या माणसाला छताला आधार देणे म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. कोळसा काढून झाला की वरचा थर खाली दबू लागतो. मग लाकडी टेकू लावतात, पोलादी आडवे देतात, छतात रूफ बोल्ट ठोकतात. टेकू फार अंतरावर लावले तर दोन टेकूंच्या मधले छत लोंबते आणि सुटते. टेकू हवे त्यापेक्षा जाड आणि दाट लावले तर छत सुरक्षित राहते, पण गाडी जायला वाट उरत नाही. टेकू बळकट असून एकमेकांशी जोडलेले नसतील, तर एकाला धक्का लागताच ओळच्या ओळ कलते. हृदयधमनीत घातलेल्या स्टेंटपुढे हेच तीन प्रश्न असतात. फरक एवढाच की येथील बोगद्याचा व्यास सुमारे तीन मिलिमीटर असतो, त्याची भिंत जिवंत असते आणि ती मिनिटाला सत्तर वेळा हालते.

स्टेंट म्हणजे धातूच्या बारीक नळीवर लेसर किरणाने कोरलेली जाळी. नागमोडी कड्यांची एक ओळ असते आणि ती कडी लहान दुव्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. ही जाळी फुग्यावर आवळून बसवतात, मांडीतून किंवा मनगटातून हृदयापर्यंत नेतात आणि फुगा फुगवून चरबीच्या गाठीवर दाबून उघडतात. फुगा काढून घेतला तरी जाळी उघडी राहते आणि भिंतीला आतून पेलून धरते.

हा पेलण्याचा प्रश्न पुढे आला तो फुग्याच्या अपुरेपणातून. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिचमध्ये माणसाची हृदयधमनी प्रथम फुग्याने रुंदावली. ती शस्त्रक्रियेविना झालेली मोठी क्रांती होती. परंतु फुगा काढल्यावर भिंत रबरासारखी परत आकसे, कधी तिचा आतला पदर फाटून वाटेत लोंबे. १९८६ मध्ये फ्रान्समधील तुलूझला जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधील लोझानला उलरिख सिगवर्ट यांनी माणसाच्या हृदयधमनीत पहिले स्टेंट बसवले. त्यानंतर दोन घराणी स्पर्धेत उतरली. एक तारेचे वेटोळे घालून केलेले, दुसरे अर्जेंटिनात जन्मलेल्या हूलियो पाल्माझ यांनी टेक्सासमध्ये बनवलेले, पोलादी नळीला खाचा पाडून केलेले. वेटोळे लवचीक असल्याने वळणाच्या धमनीतून सहज जाई, पण त्याच्या तारांमधल्या फटी मोठ्या होत्या. त्या फटींतून गाठीचा भाग आत डोकावे आणि धमनीच्या दाबाने वेटोळे स्वतःही मागे आकसे. खाचांची नळी ताठ होती, न्यायला त्रासदायक होती, पण भिंतीला घट्ट धरून ठेवी. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक चाचणीत वेटोळ्याच्या स्टेंटनंतर धमनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण सुमारे ४७ टक्के, तर पाल्माझ पद्धतीच्या स्टेंटनंतर ते सुमारे २१ टक्के आढळले. धातू जवळजवळ तोच, काम तेच, फरक फक्त घडणीचा. आणि त्या फरकाने दर शंभर रुग्णांतील सव्वीस माणसांचे भवितव्य बदलले.

मग आधार जितका जाड तितका चांगला, असे कोणी म्हणेल. उत्पादकांनी काही काळ तसेच मानले. परंतु खाणीतला दुसरा धडा येथे लागू झाला. स्टेंटची काडी जाड असली की ती भिंतीत अधिक खोल जखम करते, रक्ताच्या प्रवाहात अडसर उभा करते आणि त्या जखमेवर नवे मांस अधिक चढते. जर्मनीतील म्युनिकच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये ६५१ रुग्णांवर याची सरळ परीक्षा घेतली. दोन स्टेंटची घडण सारखी, एकाची काडी ५० मायक्रॉन जाड, दुसऱ्याची १४० मायक्रॉन. बारीक काडीच्या स्टेंटमध्ये धमनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण १५ टक्के होते, जाड काडीत जवळजवळ २६. यानंतर साऱ्या जगाने पातळ काडीची वाट धरली. पण पोलादाची काडी नुसती पातळ केली तर ती वाकते, म्हणून अधिक बळकट अशा कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूकडे उत्पादक वळले. आज चांगल्या स्टेंटच्या काड्या साठ ते ऐंशी मायक्रॉनच्या, म्हणजे साधारण माणसाच्या केसाइतक्या असतात. मधल्या काळात, २००३ पासून, काडीवर मांसवाढ रोखणाऱ्या औषधाचा लेप आला आणि औषधलेपित स्टेंट हाच रिवाज झाला. औषधाने मांसवाढ कमी केली हे खरेच. परंतु औषध भिंतीला पेलत नाही. पेलण्याचे काम शेवटी धातूच्या घडणीचेच राहिले, ही गोष्ट जाहिरातींच्या गर्दीत विसरली गेली.

तिसरा धडा दुव्यांचा. कड्यांमधले दुवे कमी केले की स्टेंट लवचीक होतो आणि वळणावळणाच्या धमनीतून सहज पुढे सरकतो. डॉक्टरांना असा स्टेंट आवडतो आणि त्याची जाहिरातही चांगली होते. परंतु २०११ च्या सुमारास जगभरातून एक विचित्र तक्रार येऊ लागली. स्टेंट बसवल्यावर त्यातून दुसरे उपकरण नेताना त्याचे टोक अडकून जाळीची कडी एकमेकांवर चढत होती आणि स्टेंट लांबीने आखडत होता. मागे राहिलेल्या भागात भिंत उघडी पडत होती. न्यूझीलंडमध्ये टेबलावर केलेल्या दाबचाचण्यांत दिसले की दोन कड्यांमध्ये फक्त दोनच दुवे असलेली ‘प्रोमस एलिमेंट’ची घडण अशा धक्क्याला सर्वांत कमी टिकते. हा स्टेंट स्वस्त किंवा हलक्या दर्जाचा नव्हता, तो जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीचा, प्लॅटिनमच्या मिश्रधातूचा होता. कंपनीने पुढच्या आवृत्तीत टोकाकडे जादा दुवे घातले. ही चाचणी करायला माणसाच्या जिवाची गरज नव्हती, टेबलावरचे साधे यंत्र पुरले. तिचे आकडे आधीच छापणे बंधनकारक असते, तर धडा रुग्णांच्या धमन्यांत शिकावा लागला नसता.

आता किमतीकडे यावे. भारतात २०१७ पूर्वी औषधलेपित स्टेंटची सरासरी छापील किंमत सुमारे १ लाख २१ हजार रुपये होती, साध्या धातूच्या स्टेंटची ४५ हजार. दिल्लीतील वकील बिरेंदर सांगवान यांनी न्यायालयात जनहित याचिका नेली. तिच्या रेट्याखाली जुलै २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत आला, डिसेंबरमध्ये तो किंमत नियंत्रण आदेशाच्या पहिल्या परिशिष्टात गेला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कमाल दर बांधले. औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये, साध्याला ७,२६०. एका दिवसात किंमत चौथाईवर आली आणि तरीही कोणी दिवाळखोर झाले नाही, यातच सारे आले. दर ठरवताना प्राधिकरणाने कंपन्यांकडून आकडे मागवले होते. त्यांतून दिसले की सर्वाधिक नफा कारखानदार किंवा आयातदार नव्हे, तर रुग्णालय घेत होते. रुग्णालयाच्या पातळीवरचा नफा काही ठिकाणी ६५४ टक्क्यांपर्यंत गेला होता.

स्टेंटची निवड डॉक्टर करतो आणि स्टेंटवरचा नफा रुग्णालय घेते. हे दोन्ही एकाच छपराखाली असताना भारीतल्या स्टेंटचा आग्रह कोठून येतो, हे समजण्यास मार्क्स वाचावा लागत नाही. ‘भारी’ या शब्दाचा जाळीच्या भक्कमपणाशी काही संबंध असेलच असे नाही.

दर बांधताच कंपन्यांनी जो युक्तिवाद केला तो मात्र घडणीचाच होता. सर्व औषधलेपित स्टेंटना एकच दर लावणे अन्यायाचे आहे, नव्या पिढीच्या घडणीला वेगळा आणि वरचा दर हवा, नाहीतर भारतीय रुग्ण उत्तम तंत्राला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे, कारण घडणीने फरक पडतो हे वर सांगितलेच आहे. म्हणून त्याची कसोटी त्या काळच्या सर्वांत महाग स्टेंटवर घ्यावी. अमेरिकन कंपनी अ‍ॅबटचा ‘अ‍ॅब्सॉर्ब’ हा धातूचा नसून विरघळणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा होता. काही वर्षांत तो नाहीसा होतो आणि धमनी पुन्हा मोकळी होते, ही कल्पना मनोहर होती. भारतात दर बांधण्यापूर्वी तो दोन लाखांच्या जवळपास विकला जात होता. परंतु हा पदार्थ धातूइतका बळकट नव्हता. भिंत पेलण्यासाठी त्याच्या काड्या सुमारे १५० मायक्रॉन जाड कराव्या लागल्या, म्हणजे म्युनिकच्या प्रयोगाने सोळा वर्षांपूर्वी टाकाऊ ठरवलेल्या जाडीहूनही जाड. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीने भारतातून अ‍ॅब्सॉर्ब आणि आणखी एक स्टेंट मागे घेण्याची परवानगी मागितली. दरनियंत्रणामुळे भारत मागे पडणार, म्हणून वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत, तीन वर्षांच्या अखेरीस अ‍ॅब्सॉर्बमध्ये रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण २.३ टक्के आणि त्याच कंपनीच्या धातूच्या ‘झायन्स’ स्टेंटमध्ये ०.७ टक्के आढळले. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने अ‍ॅब्सॉर्बची विक्री साऱ्या जगातच थांबवली. ज्या घडणीसाठी भारतीय कामगाराने दोन लाख मोजावेत असे सांगितले जात होते, ती भिंतीच्या आधारात सर्वांत उणी होती.

विरघळणाऱ्या स्टेंटचे संशोधनच चुकीचे होते, असे म्हणण्याचा हेतू नाही. विज्ञान चुकत चुकत पुढे जाते. पण चुकीची किंमत सर्वांत जास्त आणि तीही रोग्याच्या खिशातून, हा विज्ञानाचा नियम नव्हे.

उलट बाजूचे उदाहरणही भारतातच आहे. सुरतच्या सहजानंद कंपनीच्या ‘सुप्राफ्लेक्स’ स्टेंटची काडी ६० मायक्रॉनची, कोबाल्ट-क्रोमियमची आहे. युरोपातील २३ रुग्णालयांत १,४३५ रुग्णांवर त्याची आणि झायन्सची तुलना झाली. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्रज वैद्यक नियतकालिकात निकाल आला. एका वर्षात स्टेंटशी संबंधित गंभीर घटनांचे प्रमाण सुरतच्या स्टेंटमध्ये ४.९ टक्के आणि अमेरिकन स्टेंटमध्ये ५.३ टक्के, म्हणजे दोन्ही समान पातळीवर. दरनियंत्रणाखाली उत्तम घडण जगूच शकत नाही, हा दावा येथे कोसळतो. तथापि सुरतच्या एका स्टेंटच्या यशावरून सर्व देशी स्टेंटना प्रमाणपत्र देणे हे तितकेच चुकीचे होईल. देशात अनेक लहानमोठे उत्पादक आहेत आणि सर्वांनी अशी कडक तुलना करवून घेतलेली नाही. ‘स्वदेशी’ ही गुणाची मोहोर नव्हे. समाजवाद्यांना हे सांगताना अवघड वाटू नये.

याच कारणासाठी ‘स्वस्त स्टेंट द्या’ एवढ्या मागणीवर पक्षाने थांबणे योग्य नाही. महाराष्ट्राने अपुऱ्या नियंत्रणाचा अनुभव घेतलेला आहे. २००४ च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नियामक मान्यता नसलेले औषधलेपित स्टेंट वापरले गेल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि ते मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या वेळी देशात स्टेंट हा कायद्याच्या दृष्टीने औषधही नव्हता, त्याला विक्रीपूर्वी कोणाची परवानगी लागत नव्हती. ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटसह दहा प्रकारची निर्जंतुक उपकरणे औषधांच्या व्याख्येत घातली. वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम तर २०१८ च्या जानेवारीपासून लागू झाले. म्हणजे अनेक वर्षे भारतीय धमन्यांत काय बसवले जाते, यावर कायद्याची नजरच नव्हती.

नजर आली, पण ती परवाना देण्यापुरती. सरकारी आरोग्य योजनेतून आज हजारो स्टेंट बसवले जातात. २०१२ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने पुढे चालू झाली आणि २०२३ मध्ये राज्य शासनाने सर्व कुटुंबांना पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. ही चळवळीची कमाई आहे, ती कमी लेखू नये. परंतु योजना शस्त्रक्रियेचे ठोक पैसे देते आणि त्या ठोक रकमेत कोणत्या घडणीचा स्टेंट बसवायचा, हे रुग्णालयाच्या हिशेबावर सोडते. ठोक रक्कम ठरलेली असली की जितका स्वस्त माल तितका नफा अधिक. खाजगी बाजारात महाग स्टेंट विकण्याचा लोभ होता, योजनेत हलका स्टेंट बसवण्याचा लोभ आहे. दोन्हीकडे काडीची जाडी आणि दुव्यांची संख्या कोणी विचारत नाही.

शासन हा स्टेंटचा मोठा खरेदीदार आहे आणि मोठ्या खरेदीदाराचे बळ त्याने वापरलेच पाहिजे. निविदेत केवळ ‘औषधलेपित, मान्यताप्राप्त’ असे लिहून सर्वांत कमी बोलीला काम देण्याऐवजी, प्रत्येक उत्पादकाने काडीची जाडी, दुव्यांची संख्या, फुगा काढल्यावर जाळी किती आकसते, बाहेरच्या दाबाला ती किती टिकते आणि लांबीच्या धक्क्याला किती आखडते, हे स्वतंत्र प्रयोगशाळेत मोजून जाहीर करावे, अशी अट हवी. खाणीत टेकू लावताना त्याची भारक्षमता ठाऊक असावी लागते. धमनीतल्या टेकूला तोच नियम का लागू नये? राज्यात अभियांत्रिकीची सरकारी महाविद्यालये आहेत, नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रशास्त्र संस्था आहे. अशा संस्थांनी हे मोजमापाचे काम हाती घेण्यात अशक्य असे काहीच नाही. १९९० च्या दशकात हैदराबादेत डॉ. सोमा राजू आणि अब्दुल कलाम यांनी क्षेपणास्त्रांच्या प्रयोगशाळेतील अनुभव वापरून देशी स्टेंट घडवला होता. सार्वजनिक क्षेत्राला ही विद्या परकी नव्हती. ती टिकवण्याची इच्छा राज्यकर्त्यांना झाली नाही, एवढेच.

दुसरी गोष्ट बसवण्याची. उत्तम घडणीचा स्टेंटही अर्धवट उघडला तर भिंत पेलत नाही. गाठीत कॅल्शियम साठून ती दगडासारखी झाली असेल, तर आधी ती फोडावी लागते. जाळी भिंतीला टेकली की नाही हे पाहण्यासाठी धमनीच्या आतून चित्र घेणारी सूक्ष्म नळी असते आणि तिच्या मदतीने केलेल्या गुंतागुंतीच्या प्रक्रियांचे निकाल चांगले येतात, हे चाचण्यांत दिसले आहे. ही सोय मेडिकलसारख्या सरकारी रुग्णालयातील गरीब रुग्णाला मिळणे, हे भारी कंपनीच्या नावापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

दरनियंत्रणाची लढाईही संपलेली नाही. स्टेंट स्वस्त होताच फुगे, तारा, मार्गदर्शक नळ्या यांची बिले फुगल्याच्या तक्रारी प्राधिकरणाकडे आल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खाजगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा औषधे आणि उपकरणांवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेल्याचे आढळले. त्याच महिन्यात औषधलेपित स्टेंटचा दर आणखी उतरवून २७,८९० रुपये करण्यात आला आणि वरच्या घडणीचा वेगळा वर्ग करण्याची मागणी फेटाळण्यात आली. पुढच्याच महिन्यात प्राधिकरणाचे अध्यक्ष भूपेंद्र सिंह यांची बदली झाली. अमेरिकेच्या उपकरण उत्पादकांनी आपल्या सरकारकडे भारताविरुद्ध गाऱ्हाणे नेले आणि जून २०१९ मध्ये अमेरिकेने भारतीय मालाला दिलेली आयातकराची सवलत काढून घेतली, तेव्हा त्यामागच्या कारणांत स्टेंटचे दरनियंत्रणही होते. सुरतेहून किंवा अमेरिकेहून आलेली केसाएवढी जाळी दोन देशांच्या व्यापारकरारात अशी अडकलेली असते. घाऊक किंमत निर्देशांकानुसार दर एप्रिलात कमाल दर वाढतो, तो एप्रिल २०२५ मध्ये औषधलेपित स्टेंटसाठी ३८,९३३ रुपयांवर पोचला. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतच तो जवळजवळ चौथाईने वाढला. स्टेंट बनवण्याचा खर्च तेवढा वाढला का, हे कोणी विचारले नाही, कारण सूत्रात तो प्रश्नच नाही.

एक प्रश्न याहून आधीचा आहे. स्टेंट हवाच का? ऐन झटक्यात धमनी बंद पडलेली असेल तेव्हा ती उघडणे म्हणजे जीव वाचवणे, यात शंका नाही. पण चालताना छाती भरते, विश्रांतीने बरे वाटते, अशा स्थिर दुखण्यात काय? २००७ मध्ये २,२८७ रुग्णांची आणि २०२० मध्ये ५,१७९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. दुसरीत भारतीय रुग्णही होते. दोन्हींत नीट औषधोपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत स्टेंट घालणाऱ्यांचे मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतले दुखणे कमी होण्यास मात्र मदत झाली, आणि तेही मोल आहेच. पण ‘आज घातला नाही तर उद्या जाईल’ अशी भीती अशा रुग्णाच्या घरच्यांना घालणे, हा धाकदपटशा आहे. उलट ज्याला खरोखरच झटका आला आहे, त्याला नागपूर गाठेपर्यंत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन खापरखेड्यातच मिळाले पाहिजे. त्यासाठी हृदयालेखाचे यंत्र, ते वाचणारा माणूस आणि शीतपेटीत औषध, एवढेच लागते. धमनीच्या भिंतीचा आधार हृदयाचा स्नायू जिवंत असेल तरच कामाचा. तो वाचतो तास-दोन तासांत, आणि तो वेळ वाटेतल्या फाटकावर आणि कागदपत्रांत जातो.

खापरखेडा-सिल्लेवाडा भागातील कार्यकर्ते अनेक कुटुंबांना योजनेची मंजुरी मिळवून देण्यासाठी धावपळ करतात. त्यांनी यापुढे एक काम जोडून घ्यावे. प्रत्येक स्टेंटच्या खोक्यात चिकटपट्ट्या असतात. त्यांवर कंपनीचे नाव, स्टेंटचा प्रकार, व्यास, लांबी आणि घाणा क्रमांक छापलेला असतो. एक पट्टी रुग्णाच्या कागदात लागलीच पाहिजे, हा आग्रह धरावा. बिलात स्टेंट, फुगे आणि तारा वेगवेगळ्या दाखवल्या आहेत का, ते पाहावे. पट्टीवरचा मजकूर, बसवल्याची तारीख आणि सहा महिन्यांनी व वर्षांनी रुग्णाची प्रकृती, एवढे एका वहीत उतरवावे. काही बिघडले तर २०१५ पासून चालू असलेल्या उपकरण-दक्षता कार्यक्रमाकडे तक्रार नोंदवता येते, आणि ती रुग्णालाही नोंदवता येते. अशा वह्या दहा गावांतून जमल्या, तर कोणत्या रुग्णालयात कोणत्या घडणीचे स्टेंट गरिबांना बसवले जातात, याचे उत्तर विधिमंडळात मंत्र्यांकडे मागताना हातात आकडे असतील. या कामाला निधी लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही.